वाक्य हीच किल्ली

आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयासाठी मी सी भाषेत एक प्रोग्राम लिहून दिला होता. पुस्तक कुणी नेलं, कधी नेलं, परत कधी यायला हवं, वर्गणी कुणाची थकली आहे, एवढंच तो सांभाळायचा. त्यातली सगळी वाक्यं मी सवयीने इंग्रजीत लिहिली होती. ग्रंथपाल बाईंनी आठवडाभर तो वापरला आणि म्हणाल्या, "काम झकास करतो हो. पण आमच्याशी मराठीत बोलायला काय घेईल तो?"

दोन रात्री बसून मी सगळ्या वाक्यांचं मराठी केलं. भाषांतराची फाइल बांधली, ठरलेल्या फोल्डरात ठेवली, संगणकाची भाषा मराठी केली आणि प्रोग्राम चालवला. समोर इंग्रजी. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वच्छ, शुद्ध इंग्रजी. चुकीचा संदेश नाही, इशारा नाही, प्रोग्राम कोसळलाही नाही. मी मराठीत काही लिहिलंच नव्हतं असा तो वागत होता.

सीमध्ये भाषांतर वाचण्याचं काम ज्या फंक्शनकडे असतं त्याचं नाव गेटटेक्स्ट. (ही नावं इथे मी देवनागरीत लिहितो आहे, कंपायलरला मात्र ती रोमनमध्येच लागतात.) त्याला एक वाक्य द्यायचं. त्याचं भाषांतर सापडलं तर ते मिळतं, नाही सापडलं तर दिलेलं वाक्य जसंच्या तसं परत येतं. "सापडलं नाही" असं सांगायची सोयच त्यात नाही. यामागचा हेतू चांगला आहे. भाषांतराची फाइल हरवली म्हणून वाचनालयाची देवघेव बंद पडू नये. पण याच भलेपणामुळे चूक नेमकी कुठे झाली ते कळायला मार्ग उरत नाही. वाटेत पाच-सहा ठिकाणी गाडी रुळावरून घसरू शकते, आणि कुठेही घसरली तरी समोर दिसतं ते एकच: इंग्रजी.

ही व्यवस्था आली कुठून ते थोडक्यात. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस युनिक्सच्या जगात दोन पद्धती पुढे आल्या. एक एक्स/ओपन गटाची, कॅटगेट्स नावाची. तिच्यात प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो, आणि प्रोग्राम "तिसऱ्या संचातला सातवा संदेश दे" असं मागतो. दुसरी युनिफोरमच्या प्रस्तावातून आलेली गेटटेक्स्टची. तिच्यात क्रमांक नाहीत, इंग्रजी वाक्य हीच किल्ली. सन मायक्रोसिस्टिम्सने ती आपल्या सोलारिसमध्ये आणली, आणि १९९५ साली उलरिश ड्रेपर यांनी ग्नू प्रकल्पासाठी ती नव्याने लिहिली. आज लिनक्सवर जी चालते ती हीच. पॉझिक्स या मानकात कॅटगेट्सला जागा फार आधी मिळाली. गेटटेक्स्टला तिथे शिरायला २०२४ साल उजाडलं, तोवर बहुतेक मुक्त सॉफ्टवेअर तिच्यावरच उभं राहिलं होतं.

क्रमांकाची पद्धत मागे का पडली हे ज्याने वापरली आहे त्याला सांगावं लागत नाही. सातव्या जागी एक नवा संदेश घुसवला की पुढचे सगळे एकेक घर सरकतात. भाषांतराची जुनी फाइल तशीच राहिली तर प्रोग्राम "नोंद पुसू का?" असं विचारण्याऐवजी "नोंद जतन झाली" असं सांगून मोकळा होतो. शिवाय कोड वाचणाऱ्याला "३, ७" या आकड्यांवरून काहीच बोध होत नाही. गेटटेक्स्टच्या कोडमध्ये मात्र वाक्य डोळ्यांसमोर असतं. त्याला फक्त एक कंस आणि त्याआधी एक अंडरस्कोर. सगळे जण गेटटेक्स्ट या लांबलचक नावाला मॅक्रो करून एकाच अंडरस्कोरवर आणतात. हजार ठिकाणी लिहायचं तर तेवढा आळस क्षम्य आहे.

आता माझ्या प्रोग्रामाकडे. पहिली चूक लाजिरवाणी होती. सीच्या मानकात असं ठरलेलं आहे की कुठलाही प्रोग्राम सुरू होतो तो "सी" नावाच्या लोकेलमध्ये. लोकेल म्हणजे भाषा, देश, अक्षरसंच, आकडे आणि तारखा लिहायची रीत यांचं एकत्र गाठोडं. "सी" लोकेल म्हणजे कुठलीच भाषा नसलेला, कोरा मुलूख. तुम्ही संगणकाची भाषा मराठी ठेवा नाहीतर मल्याळम, प्रोग्राम जन्मतो तो या कोऱ्या मुलखातच. तिथून बाहेर पडायला त्याला सेटलोकेल हे फंक्शन रिकामी स्ट्रिंग देऊन हाक मारावी लागते. रिकाम्या स्ट्रिंगचा अर्थ, "वापरणाऱ्याने जे ठरवलंय ते घे." मग प्रोग्राम पर्यावरणातली तीन नावं क्रमाने पाहतो: आधी एलसी_ऑल, मग एलसी_मेसेजेस, शेवटी लँग. जे आधी भरलेलं सापडेल ते खरं.

ती ओळ मी लिहिलीच नव्हती. लिहिली, कंपाइल केलं, चालवलं. माझ्या लॅपटॉपवर मराठी आलं. आनंदाने फाइल पेनड्राइव्हवर घालून वाचनालयात गेलो. तिथे पुन्हा इंग्रजी.

सेटलोकेल हे फंक्शन मागितलेला लोकेल मिळाला नाही तर रिकामा पॉइंटर परत देतं आणि जुनाच लोकेल चालू ठेवतं. तो पॉइंटर तपासणारा माणूस मी तरी क्वचितच पाहिला आहे, आणि मीही तपासला नव्हता. वाचनालयाच्या संगणकावर मराठीचा लोकेल बसवलेलाच नव्हता. लिनक्सवर भाषांची यादी लांबलचक असते, पण जे लोकेल प्रत्यक्ष तयार केलेले असतात तेवढेच चालतात. टर्मिनलवर लोकेल ही आज्ञा "-ए" लावून दिली की ते दिसतात. इथे अमेरिकी इंग्रजी होता आणि "सी"सारखे कोरे लोकेल, एवढंच. मराठीचा, म्हणजे "एमआर_आयएन", त्यात नव्हता. तो तयार केला.

इथेच आणखी एक खाचखळगा आहे. ग्नूच्या गेटटेक्स्टला लँग्वेज नावाचं एक वेगळं चलही कळतं, आणि त्यात एकाहून जास्त भाषा कोलन घालून, आवडीच्या क्रमाने लिहिता येतात. गोव्यातला माणूस त्यात कोकणी, मराठी, हिंदी अशी ओळ लावू शकतो. कोकणी कॅटलॉगमध्ये, म्हणजे भाषांतराच्या फाइलीत, एखादं वाक्य नसेल तर मराठीत शोधलं जातं, तिथेही नसेल तर हिंदीत. शोध वाक्यागणिक होतो, त्यामुळे अपुऱ्या भाषांतरांचा प्रोग्राम एकाच पडद्यावर तीन भाषा बोलू लागतो. मला त्यात काही वावगं वाटत नाही. पणजीच्या बाजारात उभं राहिलं तरी तेच ऐकू येतं. मात्र लोकेल "सी" असेल तर लँग्वेजकडे ढुंकूनही पाहिलं जात नाही. ते चल मराठी करून "तरी का येत नाही" म्हणून डोकं धरून बसलेले बरेच जण इथे अडकलेले असतात.

दुसऱ्या टोकाला एक गमतीदार अर्धवट अवस्था आहे. काही जण सेटलोकेलला फक्त एलसी_मेसेजेस हा विभाग देतात. संदेशांची भाषा तेवढी बदलावी, बाकी कशाला हात लागू नये म्हणून. मग संदेश मराठी होतात, पण अक्षरसंच ठरवणारा एलसी_सीटाइप विभाग "सी"मध्येच राहतो. गेटटेक्स्ट मराठी वाक्य शोधून काढतं, चालू अक्षरसंचात बदलायला जातं, तिथे साध्या रोमन अक्षरांपलीकडे काही नसतं, आणि पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग लागते. इंग्रजीपेक्षा ही रांग बरी. निदान भाषांतर सापडलं होतं एवढं तरी ती सांगते.

सगळेच विभाग एकदम चालू करण्यातही एक मेख आहे, ती मराठी माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. आपल्याकडे दशांशचिन्ह टिंबच असतं. जर्मनीत ते स्वल्पविराम असतं. तुमचा प्रोग्राम दंडाची रक्कम २.५० अशी फाइलीत लिहीत असेल तर तिथे तो २,५० लिहू लागेल, आणि स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणारी फाइल त्या क्षणी बिघडेल.

लोकेल ठरला की प्रोग्रामाला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. टेक्स्टडोमेन या फंक्शनला आपल्या कॅटलॉगचं नाव. मी ते "वाचक" ठेवलं होतं. आणि बाइंडटेक्स्टडोमेनला तो कॅटलॉग कुठल्या फोल्डराखाली आहे ते. त्यापुढची वाट ठरलेली आहे: भाषेचं नाव, मग एलसी_मेसेजेस, मग वाचक.एमओ. फोल्डरचा पत्ता मुळापासून पूर्ण द्यावा. "इथल्या इथे" असा अर्धा पत्ता दिला आणि प्रोग्रामने पुढे चालू फोल्डर बदललं की कॅटलॉग हरवतो. पत्ता दिलाच नाही तर लायब्ररी स्वतःच्या ठरलेल्या जागी, बहुधा यूएसआर/शेअर/लोकेलमध्ये शोधते, आणि तुम्ही प्रोग्राम यूएसआर/लोकलखाली बसवला असेल तर तिथे तिला काही मिळत नाही.

त्या एमओ फाइलीत काय असतं ते एकदा उघडून पाहण्यासारखं आहे. भाषांतरकार ज्यात काम करतो ती पीओ फाइल साधी वाचता येणारी असते: वर इंग्रजी वाक्य, खाली मराठी. एमएसजीएफएमटी हा प्रोग्राम तिची एमओ करतो. पीओ म्हणजे पोर्टेबल ऑब्जेक्ट, एमओ म्हणजे मशीन ऑब्जेक्ट, माणसाची फाइल आणि यंत्राची फाइल. एमओ बाइटांत उघडली की सुरुवातीलाच डीई, १२, ०४, ९५ हे चार बाइट दिसतात. ही तिची खूण. वाचणाऱ्याला ही खूण उलट क्रमात दिसली तर त्याला कळतं की फाइल उलट्या बाइटक्रमाच्या यंत्रावर झाली आहे, आणि पुढचे सगळे आकडे तो फिरवून वाचतो. त्यानंतर आवृत्ती, एकूण वाक्यं किती, मूळ वाक्यांचा तक्ता कुठे, भाषांतरांचा तक्ता कुठे, आणि झटपट शोधासाठीचा हॅश तक्ता केवढा व कुठे. चार-चार बाइटांचे सात आकडे, २८ बाइटांत ही प्रस्तावना संपली.

पुढचे दोन तक्ते वाचनालयातल्या तालिकापत्रांच्या खणांसारखे आहेत. प्रत्येक पत्रावर दोनच आकडे: वाक्य किती लांब आणि फाइलीत कुठून सुरू. मूळ वाक्यं क्रमाने लावलेली असतात, त्यामुळे हॅश तक्ता नसला तरी अर्धे-अर्धे खण वगळत हजार वाक्यांतून एक शोधायला दहाच तुलना पुरतात. हॅश असला तर बहुधा एखाद-दुसरीच. तो काढायची कृती बेल लॅब्जच्या पीटर वाइनबर्गर यांची आहे. ऑक या प्रोग्रामच्या नावातलं मधलं अक्षर त्यांचंच.

मला यात सगळ्यात आवडतं ते वेगळंच. प्रत्येक वाक्याच्या शेवटी शून्याचा एक बाइट आधीच घालून ठेवलेला असतो. सीमधली स्ट्रिंग म्हणजे शून्यावर संपणारी बाइटांची ओळ. म्हणून अक्षरसंच बदलायचा नसेल तर लायब्ररीला काही उतरवून घ्यावं लागत नाही. ती अख्खी फाइल स्मृतीत जोडते आणि वाक्य मागितलं की फाइलीतल्या त्याच जागेचा पॉइंटर हातात देते. अर्थात ते वाक्य उसनं असतं. त्याच्या पुढे काही चिकटवायचं नाही, ते मोकळं करायचं नाही. ज्याने केलं त्याचा प्रोग्राम तिथेच कोसळतो. एकदा मी केलं आहे.

लांबीचं भान मात्र प्रोग्रामरनेच ठेवायचं. "बुक रिसीव्ह्ड" हे इंग्रजीत १३ बाइट होतात. "पुस्तक परत आलं" हे यूटीएफ-८मध्ये ३८, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना, मात्रा, हलन्त आणि अनुस्वार धरून, तीन बाइट घेतं. कुणी ३२ बाइटांची जागा राखून त्यात वाक्य उतरवत असेल तर इंग्रजीत तो वर्षानुवर्षं सुखात राहील आणि मराठी आल्या दिवशी बुडेल. प्रिंटएफमध्ये रकान्याची रुंदी देऊन काढलेले तक्तेही असेच वाकडे होतात, कारण ते रुंदी बाइटांत मोजतं आणि आपण ती डोळ्यांनी मोजतो.

वाक्य हीच किल्ली असली की भाषेच्या तऱ्हाही किल्लीत शिरतात. इंग्रजीत "इश्यू" म्हणजे मासिकाचा अंकही आणि सभासदाला पुस्तक देणंही. माझ्या प्रोग्रामात दोन्ही होते. कॅटलॉगच्या दृष्टीने ती एकच किल्ली, म्हणून भाषांतरही एकच. देवघेवीच्या यादीत "अंक" लिहून आलं तेव्हा ग्रंथपाल बाई हसल्या. यावर उपाय म्हणजे पीगेटटेक्स्ट. त्यात वाक्याआधी संदर्भ देता येतो. आत तो संदर्भ आणि वाक्य यांच्यामध्ये चार या किमतीचा एकच बाइट ठेवून दोन्ही जोडले जातात आणि ती जोडगोळी किल्ली होते. उपाय साधा आहे, पण तो सुचावा लागतो प्रोग्रामरला, आणि इंग्रजीतच विचार करणाऱ्याला तो सुचत नाही.

आकड्यांचंही तसंच. इंग्रजी प्रोग्रामर "बुक"पुढे संख्या पाहून "एस" चिकटवतात. भाषांतरकाराच्या हाती मग नुसता "एस" येतो. त्याचं मराठी काय करायचं? एनगेटटेक्स्ट एकवचनाचं आणि अनेकवचनाचं अशी पूर्ण दोन वाक्यं घेतं, संख्याही घेतं, आणि कुठलं रूप निवडायचं ते भाषेवर सोपवतं. तो नियम कॅटलॉगच्या मथळ्यात लिहिलेला असतो. मराठीचा सोपा आहे: रूपं दोन, संख्या एक नसेल तर दुसरं. जपानीला एकच रूप पुरतं, अरबीला सहा लागतात. रशियनला तीन: १ क्नीगा, २ क्नीगी, ५ क्नीग, आणि २१ला पुन्हा क्नीगा. हा नियम सीच्याच व्याकरणातलं एक छोटं सूत्र असतं. फाइल उघडताना लायब्ररी ते वाचते आणि दर वेळी सोडवते.

मराठीची खरी अडचण मात्र कुठल्याच सूत्रात बसत नाही. माझ्याकडे एक वाक्य होतं, "टक्का-एस रिटर्न्ड". टक्का-एसच्या जागी पुस्तकाचं नाव यायचं. पण कादंबरी परत आली, ग्रंथ परत आला, पुस्तक परत आलं. नावावरून लिंग ओळखणं यंत्राला जमणार नाही. म्हणून नाम आपणच पुरवायचं: "'अमुक' हे पुस्तक परत आलं." कादंबरीलाही पुस्तक म्हणता येतं, कुणी भांडत नाही. विभक्तीचा तिढाही असाच. सभासदाच्या नावाला प्रत्यय लावायचा तर नावाचं सामान्यरूप करावं लागतं, आणि शिंदे, काळे, आपटे यांचं ते यंत्राकडून करून घेण्यात अर्थ नाही. "यांच्याकडून" हा आदरार्थी शब्द इथे देवासारखा धावून येतो. नाव जसंच्या तसं राहतं, प्रत्यय "यांच्या"वर बसतो, वर मानही राखला जातो. मग शब्दांचा क्रम. इंग्रजी मुळात आधी संख्या, मग नाव होतं. मराठीत आधी नाव हवं. त्यासाठी पॉझिक्सच्या प्रिंटएफमध्ये टक्केचिन्हानंतर क्रमांक आणि डॉलरचं चिन्ह लिहिता येतं, म्हणजे दुसरी वस्तू आधी घे, पहिली नंतर. भाषांतरकार हा क्रम कोडला हात न लावता बदलू शकतो. चुकून आकड्याच्या जागी स्ट्रिंगचं चिन्ह लिहिलं तर मात्र प्रोग्राम पडू शकतो, म्हणून एमएसजीएफएमटीला "-सी" देऊन तपासून घ्यावं.

सीची स्वतःचीही एक अडवणूक आहे. आठवड्याच्या वारांची यादी फंक्शनबाहेर ठेवायची तर तिच्या सुरुवातीच्या किमती स्थिर हव्यात, तिथे फंक्शन बोलावता येत नाही. मग यादीत वाक्यांना फक्त खूण करून ठेवायची आणि छापताना गेटटेक्स्टमधून काढायची. ही खूण करणारा मॅक्रो प्रत्यक्षात काहीच करत नाही. तो असतो एक्सगेटटेक्स्टसाठी. हा प्रोग्राम कोड चाळतो आणि भाषांतराची वाक्यं वेचून काढतो.

रिकाम्या स्ट्रिंगबद्दल सांगायचं राहिलंच. कॅटलॉगचा तो मथळा, ज्यात अनेकवचनाचा नियम, अक्षरसंच, भाषांतरकाराचं नाव आणि ईमेल असतं, तो रिकाम्या किल्लीखाली ठेवलेला असतो. म्हणजे गेटटेक्स्टला रिकामी स्ट्रिंग दिली की ते इमानाने अख्खा मथळा देतं. माझ्या प्रोग्रामात शेऱ्याचा रकाना रिकामा असला तरी गेटटेक्स्टमधूनच जायचा. एका सभासदाच्या पावतीवर शेऱ्याच्या जागी माझं नाव, पत्ता आणि अनेकवचनाचं सूत्र छापून आलं. त्याने पावती जपून ठेवली आहे म्हणे.

वाचनालयाच्या संगणकावर लोकेल तयार करूनही काही वाक्यं इंग्रजीच राहत होती. अशा वेळी मी एसट्रेस वापरतो. प्रोग्राम कर्नेलला काय काय मागतो याची नोंद ते करतं. त्यात एमओ फाइल उघडण्याचा प्रयत्नच दिसला नाही, तर भाषाच ठरलेली नाही. सेटलोकेल आणि लोकेलची यादी पाहायची. प्रयत्न दिसले, पण प्रत्येकापुढे "एनोएन्ट", म्हणजे अशी फाइल नाही, तर पत्ता चुकला. ती ओळच सांगते की लायब्ररी कुठे कुठे जाऊन आली: आधी एमआर_आयएन अक्षरसंचासकट, मग अक्षरसंच गाळून, मग नुसतं एमआर. कुठल्या फोल्डरचं नाव आपण चुकवलं ते तिथे लगेच दिसतं. आणि फाइल उघडलेली दिसली, तरीही इंग्रजी, तर किल्ली जुळत नाही.

माझं तिसरं होतं. "रिसीव्ह्ड" या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग मूळ कोडमध्ये चुकलं होतं. भाषांतर झाल्यावर ते डोळ्यांत खुपलं आणि मी सुधारलं. दोन अक्षरांची अदलाबदल. त्याच क्षणी जुनी किल्ली मेली. कॅटलॉगमध्ये चुकीच्या स्पेलिंगचं वाक्य त्याच्या मराठीसकट पडून होतं, आणि प्रोग्राम बरोबर स्पेलिंगचं वाक्य मागत होता. एमएसजीमर्जने नवी वाक्यं जुन्या पीओशी जुळवून पाहिली, जवळचं मराठी शोधून दिलं आणि त्यावर "फझी" असा शिक्का मारला, म्हणजे माणसाने पाहून घ्यावं. फझी शिक्का असलेली भाषांतरं एमएसजीएफएमटी एमओमध्ये घालतच नाही. पीओमध्ये मराठी डोळ्यांना दिसतं, पडद्यावर इंग्रजीच, असं त्यामुळे होतं. वाक्यं तपासली, शिक्के काढले, नवी एमओ बांधली.

सगळं मराठी झालं. ग्रंथपाल बाईंनी समाधानाने एक-दोन नोंदी केल्या, मग चुकून यादीची फाइलच दुसरीकडे हलवली. पडद्यावर आलं: "पुस्तकांची यादी उघडता आली नाही: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी."

"आता हे अर्धं कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

कोलनच्या अलीकडचं वाक्य माझ्या कॅटलॉगमधलं होतं. पलीकडचं स्ट्रएररने दिलेलं, म्हणजे सीच्या मूळ लायब्ररीचं. तिचा स्वतःचा डोमेन असतो, "लिबसी" नावाचा, आणि ती आपली वाक्यं त्याच नावाच्या वेगळ्या एमओमध्ये शोधते. त्या संगणकावर मराठीच्या फोल्डरात वाचक.एमओ होती. लिबसी.एमओ नव्हती.